मोटारीला बोंडं फुटली

“बंद करा! भाऊजी, आधी ते बंद करा!”

मागच्या सीटवरून वैशाली ओरडत होती. वैशाली म्हणजे माझ्या बायकोची मामेबहीण. तिच्या शेजारी बसलेली माझी बायको सुषमा ओरडत नव्हती, ती नुसती माझ्या पाठीत बुक्क्या घालत होती. आणि मी, स्टिअरिंगला घोरपडीसारखा चिकटून, दोघींना समजावत होतो की डिझेलच्या गाडीचा आवाज असाच असतो, त्यातलं बायकांना कळत नाही.

“असा असते?” वैशाली किंचाळली. “आत कोनीतरी घन मारून राह्यलं, भाऊजी!”

“थंडी आहे ना. इंजिन जरा खाकरतंय.”

इंजिन आणखी दोनदा खाकरलं आणि तिसऱ्यांदा फुटल्यासारखं ओरडलं. चाकं जागच्या जागी गोठली, जीप डांबरावर वीस हात फरफटत गेली आणि तिरकी होऊन उभी राहिली. त्या आवाजाने पलीकडच्या तुरीतून तीनशे पोपट उडाले. सुषमा म्हणते आठ होते. पण ती त्या वेळी डोळे मिटून होती, त्यामुळे पोपटांच्या बाबतीत तिची साक्ष धरू नये.

सकाळचे आठ वाजले होते. फुलसावंगी तीन कोस मागे राहिली होती, हायवेचा फाटा दोन कोस पुढे होता, आणि यवतमाळ त्या क्षणी मला काश्मीरपलीकडे गेल्यासारखं वाटलं.

वैशाली खाली उतरली. तिने छातीशी एक प्लास्टिकची फाइल धरली होती. तिच्यात दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळेचा दाखला आणि यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजचं पत्र होतं. शेवटच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. आज दुपारी दोनच्या आत मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहिली तर जागा तिची. दोन वाजून एक मिनिट झालं तर यादीतल्या पुढच्या मुलीची. साडेसहाची एसटी तिने सोडली होती. का सोडली, हे सांगायला मला आदल्या दिवसावर जावं लागेल. तो दिवस मी फार रंगवून सांगत असतो. आज थोडा कमी रंगवतो.

आदला दिवस: यवतमाळ ते फुलसावंगी

जीप मी राजूरच्या एका ठेकेदाराकडून घेतली होती. कोळशाच्या खाणीवर तिचं तारुण्य गेलं होतं. घरी आणून सीट उचलली तर खाली इतका कोळसा निघाला की पहिला हिवाळा आमचा आंघोळीचा बंब त्याच्यावरच पेटला. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा होता, तो कायम लागलेला. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, “साहेब, हा लागलेला असला म्हणजे गाडी चालू आहे असं समजायचं.” मला हे पटलं. पण सुषमाला तो डोळा वटारलेला वाटे, म्हणून तिच्या पाकिटातली सगळ्यात मोठी टिकली काढून मी त्याच्यावर चिकटवली. टिकलीही लालच होती. दिव्याचा प्रश्न मिटला.

आम्ही निघालो ते सुषमाच्या मामांकडे, बापूमामांकडे. कापसाची ती वाईट वर्षं होती. पेपरात यवतमाळ जिल्ह्याचं नाव दिसलं की आम्ही शहरातली नोकरदार माणसं आधी डोळे बाजूला करायचो, मग वाचायचो. मी वाटेत सांत्वनाची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. “दिवस बदलतात, मामा,” हे पहिलं वाक्य. आर्णीपर्यंत ते पाठही झालं होतं.

फुलसावंगीला पोहोचल्यावर मामांनी ते एकही वाक्य बोलू दिलं नाही. जीप अंगणात शिरली नाही तोच मामी तांब्या घेऊन बाहेर, मामा दोरी वळता वळता उठून उभे. “या जवाईबापू! जेवनच करून घ्या आधी, बोलनं मंग.” यवतमाळात माणूस दारात आला की आम्ही विचारतो, “काय काम काढलं?” इथे काम विचारायला तिसरी भाकर उलटावी लागते. तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकर. मी अकरा भाकरी खाल्ल्या. मामी पाच म्हणतात. पण वाढणाऱ्या बाईने आकडा कमीच सांगायचा असतो, ती तिकडची रीत आहे.

पुढची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरली होती. देवाचा फोटो तेवढा वर डोकं काढून होता. खरेदी केंद्रावर आठवडाभर बंड्यांची रांग हलत नव्हती. बंडी म्हणजे तिकडची बैलगाडी. मामांचा नंबर अखेर दुसऱ्या दिवसाचा लागला होता.

“भाव कसा आहे, मामा?” मी हळूच विचारलं.

“हाय,” मामा म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले. एवढीच काय ती चर्चा.

मग त्यांनी अडकित्त्याने वैशालीकडे खूण केली. “हे पोट्टी लागली का मंग कापसाले म्हनीन, ये बापा, न ये बापा, तुही मर्जी. घरात एक पगार असला का कापसासंगं बरोबरीनं बोलता येते.”

वैशाली भाकरी थापत थापत म्हणाली, “मले पगारासाठी नाही जायचं, बाबा. मले हे खाज सोडून कुठीही जायचं हाय.”

ती खाज मला रात्री कळली. साठवलेल्या कापसात डोळ्याला न दिसणारा काहीतरी जीव असतो. पाहुण्याचं कोवळं अंग त्याला फार आवडतं.

पण त्याआधी संध्याकाळी मामांनी बंडी बाहेर काढली, आणि मी कानांवर हात ठेवले. तिचा आस असा कुरकुरत होता की पैनगंगेपलीकडच्या गावांतले लोक कंदील घेऊन बघायला निघाले असावेत. प्रत्येक फेऱ्याला एक किंकाळी. बैलांनी कान पाडून घेतले होते, बिचाऱ्यांना सवय होती.

“वंगन सरलं,” मामा म्हणाले. “गॅरेजवाल्याकडून जुनं काळं तेल आनतो मी दरसाल. ते लोक फेकूनच देतात. औंदा जानं नाही झालं.”

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर जीप उभी, हातात चहा, अंगणात शेजारचे दोघं-तिघं जमलेले, आणि मी जावई. मी बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची काडी ओढून काढली आणि सगळ्यांसमोर धरली. ऑइल डांबरासारखं काळं.

“हे बघा, मामा,” मी म्हणालो. “हे आता निकामी. फेकून द्यायचं. मी कधीच गाडीला असं ऑइल ठेवत नाही. हजार किलोमीटर झाले की बदललंच पाहिजे. उद्या सकाळी निघायच्या आधी बदलणार. मागे डब्यात नवंकोरं ऑइल आहे.”

मागे डबा होता, हे खरं. त्यात रेडिएटरसाठी पाणी होतं, हेही खरं. पण मैफल अशा जागी आली होती की पाणी म्हणणं बरं दिसलं नसतं.

मामांनी काडीचं टोक बोटांत चोळून पाहिलं. विहिरीवरचं डिझेल इंजिन ते स्वतः उघडतात, स्वतः जोडतात. त्यांचे पाने एका जुन्या पंच्यात बांधून देव्हाऱ्याखाली ठेवलेले असतात. ते माझ्याकडे आदराने बघत आहेत असं मला वाटलं, आणि त्याच भरात मी पुढचं वाक्य टाकलं: “वैशाली एसटीने कशाला जाते? साडेसहाला थंडीत कुडकुडत? मी आहे ना. आठला निघू, अकराला कॉलेजच्या दारात.”

“पक्कं?” वैशालीने विचारलं.

“माझी गाडी आजवर एकदा बंद पडलेली नाही.”

हेही खरं होतं. घेऊन बारा दिवस झाले होते.

दोन कोस

मामा भल्या पहाटे भरलेली बंडी घेऊन खरेदी केंद्राकडे निघाले. आम्ही आठच्या आधीच, साडेसातला निघालो, कारण वैशाली साडेसहालाच फाइल घेऊन जीपमध्ये बसली होती, आणि एसटी दारावरून गेली तेव्हा तिने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर पाहून मी चहा अर्धा टाकला. निघताना पाण्याचा डबा बॉनेटवर ठेवलेला दिसला. म्हटलं, वैशालीची काहीतरी थट्टा. उचलला आणि मागे टाकला.

वाटेत मामांची बंडी लागली. मी मोठ्या रुबाबात हॉर्न वाजवत बाजूने काढली. मामांनी हात वर करून काहीतरी विचारलं. जीपच्या आवाजात मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण सासुरवाडीच्या माणसाला जावयाने “काय?” म्हणून परत विचारणं शोभत नाही. मी जोरात मान डोलावली, हात हलवला आणि धूळ उडवत पुढे गेलो.

त्यानंतर अर्ध्या कोसावर पोपट उडाले.

मी बॉनेट उघडलं. काडी ओढली. ती इतकी कोरडी होती की कान कोरायला घ्यावी. पुसून परत घातली, परत काढली. कोरडी. खाली वाकून पाहिलं. रस्त्यावर ऑइलचा एक थेंब नाही. मागे धुराची रेघ नाही. काल सगळ्या अंगणाने डोळ्यांनी पाहिलेलं ऑइल रात्रीतून उठून कुठेतरी निघून गेलं होतं.

“मंग टाका ना नवं,” वैशाली म्हणाली. “तुमचा तो नवाकोरा डबा कुठी हाय?”

“आता टाकून काही उपयोग नाही. इंजिन जाम झालं.”

“टाकून तं पाहा!” असं म्हणत तिने स्वतःच डबा ओढला, बूच काढलं आणि तिरका केला. स्वच्छ, थंडगार, आर्णीच्या हॉटेलातल्या माठातलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डबा खाली ठेवला, ओढणीने पाय पुसला आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. सुषमा माझ्याकडे बघत म्हणाली, “हिचा नंबर गेला ना, तर मी या गाडीतच राहीन. घरी येणार नाही.” ती फार कमी बोलते, म्हणून मी घाबरतो.

कुठलीही गाडी थांबवू म्हणावं, तर त्या दिवशी फुलसावंगीचा बाजार. दोन काळ्यापिवळ्या जीपा गेल्या, एक टेम्पो गेला, सायकलींची रांग गेली. सगळे आम्ही आलो त्या दिशेला. फाट्याकडे जाणारं चिटपाखरू नाही. वैशालीने चालायला सुरुवात केली. फाइल छातीशी, चपला हातात. दोन कोस पायी, मग कुठली एसटी, मग शंभर किलोमीटर. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

एवढ्यात माझ्या मानेवर कोणीतरी गरम श्वास सोडला.

मी उडालो. वळून पाहतो तर मामांचा लाल्या बैल, आणि त्याच्यामागे आख्खी बंडी, कापसाने भरलेली, माझ्यापासून हातभर अंतरावर. ती येताना मला ऐकूच आली नव्हती. काल जिच्या किंकाळ्यांनी पैनगंगा थरारली ती बंडी! मी मनाशी म्हटलं, झालं. इंजिनाच्या धमाक्याने माझे कान गेले. मी टाळी वाजवून पाहिली. टाळी ऐकू आली. मग उरलेल्या काळजीत ते विसरून गेलो.

मामा उतरले. उघडं बॉनेट बघितलं. रस्त्यावर पडलेला डबा उचलला, नाकाशी नेला, वास घेतला आणि परत होता तिथे, होता तसाच ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. लांब गेलेल्या मुलीला हाक मारली.

“वैशे! किती वाजेलोक पोचा लागते?”

“दोन!”

मामांनी बंडीच्या दोरीची गाठ सोडली.

“मामा, काय करता?” मी म्हणालो. “आज तुमचा नंबर आहे. आठवडाभर थांबलात!”

“भरली बंडी पयत नाही,” मामा म्हणाले. “धरा गाठोडं.”

कापूस रस्त्यावर टाकता येत नव्हता. गवतावर दव होतं, बाजूला माती. ओला नाहीतर मातीचा कापूस केंद्रावर कोणी हातात घेत नाही. म्हणून तो जीपमध्ये भरला. जुन्या लुगड्यांत बांधलेली गाठोडी मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर, टपावर. उरलेला सुटा कापूस खिडक्यांतून कोंबून. चौघांनी मिळून बंडी रिकामी केली, तेव्हा कळलं की माझ्या जीपमध्ये किती जागा आहे. ठेकेदाराने हा गुण सांगितलाच नव्हता.

वैशाली आणि सुषमा बंडीत चढल्या. मामांनी काठी हातातही घेतली नाही, नुसतं जिभेने एक चक् केलं. लाल्या आणि भुऱ्या निघाले.

मी आयुष्यात खूप वाहनं पाहिली. तशी बंडी परत पाहिली नाही. चाकं लोण्यावरून फिरावीत तशी फिरत होती. ना कुरकुर, ना खडखड; नुसते खुरांचे ठोके आणि वैशालीचा ओरडा, “बाबा, हळू! बाबा, अजून जोरात!” वळणावर ती हवेत दोन हात उचलली गेली. हे मात्र मी शपथेवर सांगतो. मी आणि एक म्हैस, आम्ही दोघांनी पाहिलं.

मोटारीची राखण

मागे मी, जीप आणि कापूस. ड्रायव्हरच्या सीटवर तेवढी माझ्यापुरती जागा होती. मी आत शिरलो आणि कापूस चारी बाजूंनी मिटला. फक्त मुंडकं खिडकीबाहेर. थंडीत अशी ऊब की डोळा लागला.

जाग आली ती हसण्याने. तांड्यावरच्या बंजारा बाया वेचणीला निघाल्या होत्या, कमरेला फडकी बांधून. सगळ्यांत पुढची म्हातारी, दोन्ही हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, जीपसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

“अवं, पाहा वं,” ती मागच्यांना म्हणाली. “मोटारीले बोंडं फुटले!”

“आन् बोंडातून सायेब निंघाला!” दुसरी म्हणाली.

“वेचाचा का याले?”

“ठेव. कवळा हाय अजून.”

मी सांगितलं काय झालं. माझ्या पद्धतीने सांगितलं. इंजिनाने कसा डोंगर हादरवला, मी एका हाताने ब्रेक लावून दोन जिवांना कसं वाचवलं. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोरगी पोचली का पन?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. तिथपर्यंत मी बोलत होतो म्हणून बरं होतं.

तिने फडक्यातून अर्धी भाकर काढली, तिच्यावर लसणाची लाल चटणी ठेवली आणि खिडकीतून माझ्या तोंडासमोर धरली, कारण माझे हात कापसात कुठे होते ते मलाही ठाऊक नव्हतं. “खा,” म्हणाली. “पोचन ते.” यवतमाळात मी पंधरा वर्षं ज्या घराशेजारी राहतो त्यांनी मला अजून चहा विचारलेला नाही. ही बाई मला भरवून, तोंड पुसून, कामाला निघून गेली. जाताना बाजाराच्या रस्त्यावर कोणी मेकॅनिक दिसला तर धाडते म्हणाली.

मामा अकराच्या सुमाराला परतले. बंडी पुन्हा तशीच, मांजरासारखी आली.

“मिळाली का एसटी?”

“फाट्यावर उभीच व्हती. कंडक्टरनं घंटी देल्ली व्हती. भुऱ्या आडवा घातला.”

“वेळेत पोहोचेल?”

“यष्टीले तेल असन तं पोचन,” मामा म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. मला तो टोमणा वाटला. पण टोमणा मारताना माणूस निदान समोरच्याकडे बघतो. मामा लाल्याच्या शिंगाकडे बघत होते.

“आणि तुमचा नंबर?”

“मांगं ढकलला. कापूस वाट पाह्यते, जवाईबापू. कालेज नाही पाहत.”

बाराला रहीमभाई मेकॅनिक आला, सायकलच्या कॅरियरला पान्यांची पेटी बांधून. तो जीपखाली सरकला आणि बराच वेळ फक्त त्याच्या चपला दिसत राहिल्या. मग आवाज आला, “साहेब, चेंबर सुक्का हाय. एकदम वाळवंट.”

“नट सैल झाला असेल.”

“नट? नट तर असा कसलाय का मले खोलाले ताकद लागून राह्यली. कोन्या उस्तादाचा हात हाय.” तो बाहेर आला, तोंडाला काजळी. “लीक बी नाही, धुआँ बी नाही. मंग गया तो गया किधर?”

बाजारातून परतणारे चार लोक तोवर जमले होते, आणि प्रत्येकाकडे उत्तर होतं. एक म्हणाला, उंदरं पितात. दुसरा म्हणाला, खाणीवरची गाडी आहे, जमिनीखालच्या वस्तूला जमिनीवर करमत नाही, ऑइल परत खाली गेलं. तिसरा म्हणाला, राजूरच्या ठेकेदाराने मुळातच अर्धं भरलं असेल. मी स्वतः एक सिद्धान्त मांडला की थंडीत ऑइल आकसतं, आणि आकसता आकसता संपतं. रहीमभाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो परत घेतला.

मामा बंडीच्या जुवावर बसून सगळ्यांचं ऐकत होते. कोणी त्यांना विचारलं नाही. ते सांगायला आले नाहीत. चारचौघांत जावयाच्या बोलण्यात बोलायचं नाही, हा त्यांच्या घरचा जुना शिरस्ता. मी त्याला कायम माझ्या ज्ञानाचा मान समजत आलो होतो.

रहीमभाई म्हणाला, इंजिन उघडावं लागेल, बेअरिंगचा चुरा झालाय, पण गाडी मरणार नाही. दोन वाजले. मी घड्याळ पाहिलं. मामांनी सूर्याकडे पाहिलं. त्यानंतरचे चार तास मी कसे काढले ते विचारू नका. मी एकही खोटी गोष्ट सांगितली नाही, यावरून काय ते ओळखा.

मुक्कामी गाडी

यवतमाळहून फुलसावंगीला मुक्कामाला येणारी एसटी दिवस बुडता बुडता आली. आम्हाला पाहून तिने वेग कमी केला. दारात कंडक्टर लोंबकळत होता, हातात कागद.

“बापूराव कोन? कापसाच्या मोटारीजवळ बसले असतील म्हनलं व्हतं!”

त्या काळी आमच्याकडे तार पोहोचत नसे, पण एसटीच्या कंडक्टरच्या हातची चिठ्ठी हमखास पोहोचायची. तिकिटाच्या मागे पेनाने लिहिलं होतं. मामांनी ती माझ्या हातात दिली. त्यांचा चष्मा घरी होता. निदान ते तसं म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं: “बाबा, पोचले. दोनला वीस मिनटं कमी. कागदं बरोबर निघाले. जागा पक्की. सुषमाताई संगं आहे, काळजी नको. भाऊजीले सांगा, लाल दिव्यावरची टिकली काढा.”

मामांनी चिठ्ठी परत घेतली, चार घड्या घातल्या, बंडीच्या खिशात ठेवली. बंडी म्हणजे अंगातली, बाह्या नसलेली. मग ते लाल्याजवळ गेले, त्याच्या मानेला मान लावून जरा वेळ उभे राहिले. मी दुसरीकडे पाहिलं. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. कापूस असावा.

मग आम्ही हसत सुटलो. एसटी गेली, तिच्या खिडक्यांतले लोक आमच्याकडे बघत गेले, आणि आम्ही सासरे-जावई रस्त्यात उभे राहून हसत होतो. मला इतकं हलकं वाटत होतं की जीपने मला मागून ढकललं असतं तर मी तिच्यापुढे उडत घरी गेलो असतो.

कापूस जीपमध्येच राहू दिला. जीपला दोराने बंडीमागे बांधलं आणि निघालो. पुढे मामा जुवाजवळ, मागे मी स्टिअरिंगवर, बोंडात बसल्यासारखा. अशी स्वारी फुलसावंगीने आधी पाहिली नव्हती. बैल सावकाश चालत होते. आभाळ गुलाबी झालं होतं, कुठेतरी हुरड्याची आगटी पेटली होती, रातकिडे सुरू झाले होते.

रातकिडे मला स्पष्ट ऐकू येत होते. भुऱ्याच्या गळ्यातलं घुंगरू ऐकू येत होतं. बांधावरचं टिटवीचं ओरडणंही. म्हणजे माझे कान शाबूत होते.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. “मामा!”

“ओ.”

“बंडी वाजत नाही आज.”

“नाही.”

“कालपर्यंत तर केवढी वाजत होती.”

“आसाले वंगन देल्लं रातच्याले.”

“तुम्ही तर म्हणाला होता, वंगण संपलंय. कुठून आणलं?”

मामांनी मागे वळून पाहिलं नाही.

“तुमच्या मोटारीतलं. जुनं मी काढलं, नवं तुम्ही टाकनार व्हते.”